दस्तगीरमामांची खुर्ची

१० नोव्हेंबर, सोमवार

दूध संघातून आत्ता आले. आई चहा विचारत होती, नको म्हटलं. आधी लिहून काढते, नाहीतर तिच्यावरच ओरडेन.

आज चाचणी होती. संघाच्या जनावरांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर, सप्टेंबरपासून आम्ही बनवतोय ते. गावातून फोन येतो की म्हैस खात नाही, गाय उठत नाही. ऑपरेटरनं ते भरायचं आणि फिरतीवरच्या डॉक्टरच्या मोबाइलवर ते पोचायचं. एवढंच काम. ऑपरेटर म्हणजे दस्तगीरमामा. दस्तगीर मुल्लाणी, राहणार गडमुडशिंगी. वीसेक वर्षं त्याच फोनवर, त्याच खुर्चीत. त्यांना दिसत नाही.

मामांनी खुर्ची पुढं ओढली, कानात वायर घातली. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. कोंबडी दाणे टिपते त्या वेगानं बोलतो, मला एक शब्द कळत नाही. त्यांना सगळं कळतं. त्यांनी टॅब दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही. आमच्या स्क्रीनवर चार देखणी चित्रं होती आणि त्यातलं एकही त्या प्रोग्रामला सापडत नव्हतं. दहा-बारा वेळा दाबून मामा थांबले.

"ताई, घर हाय म्हणताय हितं. दार कुठं न्हाय."

व्यवस्थापक पाटीलसाहेब दारात उभे होते. हसले. "ऱ्हाऊ दे मामा. न्हाय जमायचं तुमास्नी ते. एक तारखेपासनं एक पोरगी बसवू हितं. तुमी गेटवर बसा निवांत, आल्यागेल्या पावण्यांस्नी पाणी द्या."

मामांनी खुर्ची मागं सारली. वायर काढली, बोटाभोवती गुंडाळली, खिशात ठेवली.

हे सॉफ्टवेअर मामांनीच मागितलं होतं. दोन वर्षं साहेबांच्या मागे लागून.

मा. चू.: उद्या. 

११ नोव्हेंबर

'मा. चू.' म्हणजे माझी चूक. अण्णांची, माझ्या वडिलांची, पद्धत. लहानपणी दम्यानं बेजार होते म्हणून तिसरीपर्यंत शाळेत घातलंच नाही, अण्णांनी घरीच शिकवलं. संध्याकाळी पाटीवर दिवसाची एक चूक लिहायची. स्वतःची. आईची किंवा मांजराची लिहिली तर म्हणायचे, "पाटी कुणाची आहे ही?" मग पुसायची आणि जेवायला बसायचं. वहीत पुसता येत नाही, हाच काय तो फरक.

तर लिहिते. सप्टेंबरात निखिलसर आणि मी संघात पहिल्यांदा गेलो, कोण काय वापरणार ते टिपून घ्यायला. मामा म्हणाले, "या, बसा ताई." बसले. त्यांनी चहाचा कप माझ्या डावीकडं, रिकाम्या हवेत पुढं केला. मी वाकून घेतला. निखिलसर मोबाइलमध्ये होते. साहेब तिथं, दोन कारकून तिथं. तो शब्द कुणीच काढला नाही. तोंडावर कोण काढतं. मग मीही नाही काढला. त्यांच्यासमोर वहीत लिहायचं म्हटलं तरी चोरी केल्यासारखं वाटलं. ऑफिसात येऊन फॉर्म भरला. 'वापरणारा' या रकान्यात लिहिलं: ऑपरेटर, अनुभवी.

अनुभवी.

निखिलसरांना एकट्यात सांगू म्हटलं. मग काम सुरू झालं. मग दसरा आला, मग दिवाळी आली. रोज आठवायचं आणि रोज वाटायचं, साहेबांनी सांगितलंच असेल की. साहेबांना वाटलं असेल, ह्या इंजिनियर लोकांना डोळे आहेत.

मा. चू. काय लिहू. सभ्यपणा.

१२ नोव्हेंबर

निखिलसरांना सांगितलं.

त्यांच्या टेबलावर एक लॅपटॉप आणि एक पेन, बाकी काही नसतं. पाण्याची बाटलीसुद्धा खाली, पायाशी. सॉफ्टवेअरही तसंच. त्यांनी एक ठोकळा बनवलाय. कोडमधला एकच चौकोन. बटन हवं, ठोकळा वापरा. यादी हवी, ठोकळा. रकाना हवा, ठोकळा. एका चौकोनात अख्खं सॉफ्टवेअर, याचा त्यांना फार अभिमान. डोळ्याला बटन दिसतं, पण आतून तो फक्त चौकोन असतो. मामांच्या प्रोग्रामला तो भिंत वाटतो.

"रिक्वायरमेंटमध्ये होतं का हे, मेघा?"

"नव्हतं."

"फॉर्म कुणी भरला?"

"मी."

त्यांनी पेन उचलून लॅपटॉपला समांतर ठेवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, एका माणसासाठी आख्खा ठोकळा उघडायचा का. मी म्हटलं, सर, ऑपरेटरची स्क्रीन जगात एकच माणूस वापरणार आहे. त्या एका माणसासाठीच तर बनवतोय.

"तो माणूस बदलतोय ना पण एक तारखेला."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले. टेबलावरचं पेन बदलतोय असं.

वर म्हणाले, "तू कोडोलीच्या पलीकडं डॉक्टरांच्या जीपमध्ये बसली आहेस कधी? मी बसलोय. गोठ्यात उभं राहून एक पान उघडायची वाट बघायची, नेटवर्क नाही, म्हैस तडफडते, घरची बाई तोंडाकडं बघते. म्हणून हलकं केलंय सगळं. मला हौस नाही."

हे खरं आहे. ते खोटं बोलत असते तर मला राग धरायला सोपं गेलं असतं. आता खऱ्या गोष्टीवर राग धरून बसलेय.

१४ नोव्हेंबर

अण्णांना सांगितलं. ऐकताना ते जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवून बसले होते. पाट्या रंगवणं बंद होऊन किती वर्षं झाली, फ्लेक्स आला आणि संपलं, तरी ब्रश धुतात.

मला अक्षरं त्यांनी दुकानाच्या पाट्यांवर शिकवली. पत्र्यावर खडूनं आखायचे, मी बघायचे. पाटी झाली की मला रस्त्याच्या पलीकडं धाडायचे. "तिथनं वाच." रिक्षा जायची, म्हशी जायच्या, मी तिथनं ओरडून वाचायचे. अडखळले तर ते अक्षर परत. गिऱ्हाईक कितीही छान म्हणू दे.

मला वाटलं होतं, अण्णा माझ्या बाजूचे होणार. ते म्हणाले, "तुझ्या सरांचं अर्धं बरोबर हाय. दुकानदार पाटीवर सगळं दुकान लिव म्हणायचा. प्रोप्रायटर, आजोबाचं नाव, देवाचं नाव. मी खोडत बसायचो. कमी असावं."

"मग?"

"मग काय. एकदा एक न्हावी म्हणला, नाव नको, नुसती कात्री काढा. झकास काढली. पंधरा दिवसांनी लोक कापडं शिवायला घेऊन आली त्याच्याकडं." हसले नाहीत. "कमी करताना काय ऱ्हायलं ते बघायचं असतं. किती गेलं ते न्हाय."

 

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. तरी संघात गेले. मामांच्या शेजारी स्टुलावर सकाळभर.

फोनवर कुणी नाव सांगत नाही. "मामा, मी बोलतोय," एवढंच म्हणतात, बायासुद्धा. आणि मामांना कळतं. एक बाई बोलत होती, तिची गौरी म्हणजे म्हैस, रात्रीपासून रवंथ करत नाही. मामा विचारत गेले. डावी कूस फुगल्या का? बोटानं वाजवून बघ, ढोलागत वाजतंय का? काल काय घातलंस? हिरवा मका जास्त घातलास न्हवं, खरं सांग. उजव्या हातात टोचा, समोर त्यांची ब्रेलची पाटी, जाड कागदावर टिक टिक टिक. तिचं बोलणं संपायच्या आत टिपण संपलेलं. मग फोन खाली ठेवला, डॉक्टरांचा नंबर पाठ, लावला. अकरा वाजता कारकून येतो, त्याला आदल्या दिवसाचं सगळं वाचून दाखवायचं, तो रजिस्टरात उतरवतो. तो चुकीचं उतरवतो. म्हणूनच त्यांना सॉफ्टवेअर हवं होतं.

"कारकुनाच्या हाताखाली वीस वर्षं काढली. म्हणलं, एकदा आपलं आपण लिवावं."

मी पाठ करून गेले होते, तसं बोलायला लागले. मामा, मला माफ करा, तुमची ती, म्हणजे तुमची जी अडचण आहे, ती मी...

"आंधळा म्हणा की. शिवी न्हाय ती."

मी स्टूल जरा पुढं ओढलं.

"तुमाला तवाच कळलं हुतं न्हवं? कप घेताना."

हो म्हटलं.

"मलाबी कळलं. तुमचा आवाज एकदम मऊ झाला. सगळ्यांचा हुतोय. म्हणलं, चला, ह्या पोरीला समजलं, ही लिवणार. साहेबांस्नी मी मुद्दाम 'ह्यास्नी सांगा' म्हणलं न्हाय. आपणच आपलं किती येळा सांगायचं."

तेवढ्यात फोन वाजला. बरं झालं.

मा. चू.: ते माझ्यावर विसंबून गप्प राहिले होते, आणि मी साहेबांवर.

१८ नोव्हेंबर

पहाटे उठून काम, ऑफिसला जाण्याआधी. ठोकळा काढून टाकला. ऑपरेटरच्या स्क्रीनपुरता. त्याच्या जागी ब्राउझरमध्ये पहिल्यापासून असतं ते साधं बटन. साधी यादी. साधा रकाना. शिकताना पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि नंतर सगळे विसरतात ते.

आणि कोड कमी झाला. तीनदा मोजला. ठोकळ्याला बटनासारखं वागायला लावायला नि.नं (निखिलसर, वहीत आता नुसता नि.) जे ढीगभर लिहिलं होतं त्याची गरजच नव्हती. बटनाला बटन म्हटलं की टॅब येतो, एंटर चालतो, वाचणारा प्रोग्राम म्हणतो 'बटन'. फुकट.

म्हणजे हे हलकं, हलकं म्हणत आम्ही जड केलं होतं. फक्त दिसायला हलकं. डोक्यात अशी तिडीक गेली की लॅपटॉप बंद करून भांडी घासायला बसले. आईला वाटलं, काहीतरी मागायचंय मला.

२० नोव्हेंबर

स्क्रीनवर अण्णांचा पंचा टाकून बसते. बघायचं नाही, फक्त ऐकायचं. पहिल्या दिवशी रडकुंडीला आले. गावाच्या यादीत शिरलं की सगळी गावं वाचून होईपर्यंत बाहेर येता येत नव्हतं. ती चूक नि.ची नाही, माझी. आता दोन अक्षरं टाइप केली की गाव मिळतं.

आज पंच्याखाली एक आख्खा कॉल भरला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पंचा काढला तर सगळं बरोबर. आई म्हणाली, "कुणाशी बोलत होतीस?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नि.ला दाखवलं. कोड कमी झालेला बघून भुवया वर. दोन मिनिटं शांतपणे वाचलं. मनात म्हटलं, जिंकले.

मग टॅब दाबला. निवडलेल्या बटनाभोवती निळी चौकट आली.

"हे काय?"

"आपण कुठल्या बटनावर आहोत ते कळतं त्यानं."

"घाण दिसतंय. आणि हे शब्द?" प्रत्येक चित्राखाली मी नाव लिहिलं होतं. नवा कॉल. जुने कॉल. डॉक्टर पाठवा. कॉल रद्द. "शब्द नकोत. स्क्रीन मोकळी हवी."

वाद. आवाज चढला. माझा. ऑफिसातले बाकीचे चौघं मान खाली घालून बसले. शेवटी नि. म्हणाला, बटन राहू दे, शब्द लपव. डोळ्यांना दिसायचे नाहीत, प्रोग्रामला ऐकू येतील. तुझ्या मामांना ऐकायलाच हवेत ना? झालं की मग. पुढच्या शुक्रवारी संघात परत चाचणी लावतो. जमलं तर साहेबांना मी स्वतः सांगतो, खुर्ची त्यांचीच ठेवा.

खुर्ची म्हटल्यावर मी हो म्हटलं.

शब्द वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, क्रमानं. एक, दोन, तीन, चार. त्याच्या फाइलमध्ये त्याला एक शब्द नको म्हणून.

हो म्हणताना आवाज मऊ झाला होता माझा. मला ऐकू आला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहायचं. पुढचं मागं करायचं नाही.

सकाळी दहा. संघात मामा खुर्चीत, साहेब त्यांच्या मागं उभे, नि. आणि मी बाजूला. मामांनी नवा शर्ट घातला होता. वायर कानात. खोटा कॉल करून बघू म्हणत होतो तेवढ्यात खरा फोन आला. मामांनी स्पीकरवर घेतला.

"मामा, मी बोलतोय. म्हस अडल्या. एकच पाय भाईर आलाय रेडकाचा."

मामांचा डावा हात कीबोर्डवर, उजव्यात टोचा. दोन्हीकडं एकदम. गाव भरलं. जनावर भरलं. काय झालंय ते भरलं. मी बघत होते, एकही चूक नाही, माझ्यापेक्षा वेगानं. टॅब, टॅब. थांबले. कानात ऐकलं. एंटर.

स्क्रीनवरून कॉल गेला. म्हणजे पुसला गेला.

साहेब म्हणाले, "खोडलासा की वो मामा."

 मामांचा हात बाजूच्या फोनवर गेला, डॉक्टरांचा नंबर फिरवला, पाटीतला कागद उलटून ठिपक्यांवरून बोट फिरवत सगळं सांगितलं. गाव, घर, ओढ्याच्या अलीकडचा गोठा, एकच पाय. फोन ठेवला.

"डॉक्टर निघालं. आता सांगा, मी काय दाबलं?"

"तुमी ती फुली दाबलासा," साहेब. "म्हणून म्हणतोय मी, डोळं लागत्यात ह्याला."

"मला 'डॉक्टर पाठवा' ऐकू आलं."

"आलं आसंल की. हुतंय असं."

मला तेव्हा कळलं. मी नि.कडं बघितलं, त्याला माझ्या आधी कळलं होतं. काल जाता जाता त्यानं चित्रांचा क्रम बदलला होता. 'कॉल रद्द'ची फुली शेवटी बरी दिसत नव्हती म्हणून तिसऱ्या जागेवर आणली. नावं माझ्या फाइलमध्ये जुन्या क्रमानंच राहिली. लपलेली नावं. कुणाला दिसत नाहीत, त्यामुळं चुकली तरी कुणाला दिसत नाहीत. फक्त एका माणसाला ऐकू येतात, आणि त्याचं कोण ऐकणार.

नि. म्हणाला, "साहेब, छोटासा बग आहे, दुपारपर्यंत—"

"छोटा नाही," मी म्हटलं. "मामांनी बरोबर दाबलं. बटनाचं नाव खोटं होतं. आम्ही खोटं सांगितलं त्यांना."

आणि मग थांबता येईना. सप्टेंबर सांगितला. कप सांगितला. फॉर्ममध्ये काय लिहिलं ते सांगितलं.

साहेब माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे ह्यास्नी दिसत न्हाय हे तुमास्नी म्हाईत हुतं, आन् लिवलं न्हाईसा?"

"तुम्हालाही माहीत होतं साहेब. तुम्हीही नाही सांगितलंत."

 कारकून खोकला.

"मग ती पाटीच बरी की," साहेब म्हणाले. "बंद करा ही थेरं. न्हायतर पोरगी येऊ दे. एक कायतरी."

तेव्हा मामा बोलले. चिडलेले मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. आवाज चढला नाही, उलट हळू झाला.

"पाटी बरी न्हाय साहेब. पाटीवरचं मला एकट्याला वाचता येतंय. उद्या मी आजारी पडलो तर त्या म्हशीचं काय? मला ह्येच पायजे. ह्या लोकांनी नीट करून द्यायचं. दया नको, आन् गेटवरचं पाणीबी नको."

साहेब बघू म्हणाले आणि बाहेर गेले.

परत येताना शिरोली नाक्यापर्यंत नि.नं गाडी जोरात चालवली. नाक्यावर म्हणाला, "क्लायंटसमोर." एवढंच. 

मा. चू.: वेगळी फाइल. आणि गेल्या शुक्रवारचं हो.

२९ नोव्हेंबर

मामांचा फोन. "म्हस सुटली. रेडी झाली. तुमाला सांगावं म्हणलं." आणि ठेवला. मी 'मामा' म्हणायच्या आत.

१ डिसेंबर, सोमवार

पोरगी आली. साहेबांनी आणलीच. कारकुनाकडून कळलं. मामांना अजून गेटवर धाडलेलं नाही, 'नक्की होईपर्यंत' त्याच खोलीत, बाजूला बाकड्यावर. खुर्चीत ती. आठ तारखेला साहेब ठरवणार, कोण आणि कशावर.

ती नाव न सांगणाऱ्यांना नाव विचारते. लोक चिडून फोन ठेवतात म्हणे. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तिचा काय दोष. तिलाही ती चार चित्रं कळत नाहीत. कारकून म्हणाला, घंटेचं चित्र म्हणजे काय ते तीनदा विचारून गेली.

डोळे असून.

हे नि.ला सांगायला गेले. तो म्हणाला, दोन दिवसांत सवय होते. मी म्हटलं, सर, सवय हेच उत्तर असेल तर बटनं तरी कशाला, पांढरी स्क्रीन द्या, कुठं दाबायचं त्याची सवय होईल. त्यानं हसू दाबलं. दिसलं मला. पण म्हणाला, "शब्द जाणार नाहीत स्क्रीनवर. तुला नको असेल तर प्रोजेक्ट सोड, मी दुसऱ्याला देतो. रागानं नाही म्हणत."

मी रागानंच ऐकलं.

४ डिसेंबर

सोडायचा विचार केला. दोन दिवस. सोडला तर माझं मन स्वच्छ राहील, आणि मामांच्या बाकड्यावर काही फरक पडणार नाही. स्वच्छ राहायची मला फार हौस आहे, हे या महिन्यात कळलं. सप्टेंबरातही तेच केलं होतं.

६ डिसेंबर, शनिवार

नवी आवृत्ती तयार. चित्रं आहेत, नि.चीच, सुंदर आहेत ती, काढायचं कारण नाही. पण प्रत्येकाखाली शब्द, मोठा, काळा. जो दिसतो तोच ऐकू येतो, एकाच ठिकाणी लिहिलेला. चित्र हललं तर नाव सोबत हलणार. निळी चौकट ठेवली, आणखी जाड केली. मुद्दाम. हे चिडून केलं, कबूल.

सकाळी लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिले. अण्णा चपला घालून रस्त्याच्या पलीकडं गेले, गिरणीच्या भिंतीला टेकले. एक टेम्पो गेला. दोन मोटारसायकली. गिरणीवाला बाहेर आला, "काय चाललंय पेंटर?" म्हणून.

"डॉक्टर पाठवा," अण्णा तिथनं म्हणाले. मग, "कॉल रद्द." मग जरा थांबून, "'जुने'चा ज जरा बारीक हाय."

ज मोठा केला.

मग जुना फॉर्म उघडला, सप्टेंबरचा. 'वापरणारा' या रकान्यात 'अनुभवी' खोडलं नाही, पुढं लिहिलं: दस्तगीर मुल्लाणी. आंधळे आहेत. फोन, ब्रेल आणि कीबोर्ड तिन्ही एकदम वापरतात. ही माहिती सप्टेंबरपासून माझ्याकडे होती, मी लिहिली नाही. खाली माझं पूर्ण नाव. मामांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "आसू दे. बरोबर हाय." मग नवी आवृत्ती आणि फॉर्म, दोन्ही एकाच मेलमध्ये नि. आणि साहेब, दोघांना. नि.ला न विचारता.

पाठवल्यावर लॅपटॉप बंद केला. 

७ डिसेंबर

उत्तर नाही. कुणाचंच. नि.नं मेल उघडलेला दिसतोय.

८ डिसेंबर, सोमवार

नि. सकाळी एकटाच संघात गेला. मला सांगितलं नाही. त्याचं टेबल रिकामं, पेनसुद्धा नाही. कुठली आवृत्ती घेऊन गेला ते माहीत नाही. माझी घेतली असेल, शब्द पुसून घेतली असेल, ठोकळा घेतला असेल. तिन्ही त्याच्याकडं आहेत.

अकराला ठरणार होतं. साडेअकरा. बारा. मेसेज नाही. लक्ष नव्हतं, सकाळभर काम म्हणून जे केलं ते सगळं उद्या परत करावं लागेल.

पाऊण वाजता जिन्यात जाऊन संघाचा नंबर लावला. दवाखान्याचा. गावची माणसं लावतात तोच. कोण उचलतंय ते बघायचं आणि ठेवायचं, असं ठरवलं होतं. तिसऱ्या रिंगला उचलला.

"नमस्कार, पशुवैद्यकीय केंद्र." ती पोरगी.

 ठेवणार होते. तिच्या मागं, जवळच, काहीतरी वाजत होतं. कान लावला. टिक टिक टिक. टोचा. म्हणजे मामा खोलीत आहेत. म्हणजे लिहितायत. पण पाटीवर. काय ठरलं ते त्यावरून कळेना.

"हॅलो? कोण बोलतंय?" मग फोनपासून तोंड बाजूला करून, "मामा, कोण बोलतच न्हाय वो. ठेवू?"

टिक टिक थांबली.

"नको," मामांचा आवाज. "बोलंल की. थांब जरा."